निषेध नोंदवून स्वीकारलेला हॉटस्पॉट

मोबाइल कंपनीच्या अटी व शर्ती ग्राहकाने वाचाव्यात अशी कंपनीची मुळीच इच्छा नसते. त्या कोणी वाचू नयेत याच हेतूने त्यांचा टाइप मुंगीच्या पायाएवढा ठेवलेला असतो, असे माझे मत आहे आणि ते मी संबंधितांना लेखी कळवले आहे. व्हिएतनामच्या सहलीसाठी रोमिंगचा पॅक घेण्यापूर्वी मी त्या अटींची छापील प्रत काढून आणली, भिंग घेऊन वाचली आणि समासात पेन्सिलीने शंका नोंदवल्या. प्रत काढून देणारे झेरॉक्सचे दुकानदार माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहत होते.

"साहेब, हे वाचायचं नसतंय. खाली 'मान्य' म्हणून असतंय, ते दाबायचं असतंय."

मी त्यांना सांगितले की माझी सारी नोकरी सोलापूरच्या दिवाणी न्यायालयात झाली आणि न वाचता 'मान्य' म्हणणाऱ्यांचीच तिथे सर्वाधिक गर्दी असे. मी वकील नव्हतो. वकिलांनी दाखल केलेल्या कागदांतील त्रुटी काढून ते परत करणे हे माझे काम होते आणि ते मी फार आनंदाने केले.

परदेशात इंटरनेट अखंड चालले पाहिजे, या माझ्या आग्रहामागे करमणूक नव्हती. मला व्हिएतनामहून आमच्या गल्लीला नळाचे पाणी आल्याची वर्दी द्यायची होती.

हे वाक्य वाचून ज्यांना हसू आले त्यांच्या नळाला रोज पाणी येत असावे. आमच्याकडे ते काही दिवसांआड येते. दिवस साधारण ठरलेला, तोही एखादा इकडे-तिकडे सरकणारा. वेळ मात्र अजिबात ठरलेली नाही. पाणी सुटले की लगेच मोटार लावून अंगणातला हौद भरून घ्यावा लागतो. जो उशीर करतो त्याच्या वाट्याला नळातली हवा येते, कारण तोवर वरच्या अंगाच्या घरांनी सगळा दाब ओढलेला असतो. टँकर आमच्या बोळात वळत नाही. गल्लीच्या तोंडाशी असलेली चावी फिरवून पाणी सोडणारा इसम, ज्याला सगळे चावीवाला म्हणतात, तो कधी येईल हे पूर्वी कोणालाही ठाऊक नसे.

मी पुष्कळ पत्रे लिहिली. त्या पत्रांचा उपयोग झाला तो असा, की एक दिवस चावीवाला स्वतःच माझ्या दारात आला.

"साहेब, तुमी अर्ज लिवायचं बंद करा. पाणी सोडायच्या अर्धा तास आदी मी तुमाला मेसेज टाकतो. पर माजा नंबर कुणाला द्यायचा न्हाय."

"का?"

"मागं एका घरी दिला हुता. त्यांच्याकडं बारसं हुतं. 'पाळण्याच्या येळंला पाणी सोड' म्हणून बाया फोन करत बसल्या की."

मी त्याला शब्द दिला. तो फोन कधी करत नसे. माझ्याशी बोलणे लांबते, असे त्याचे म्हणणे होते. तो बोलका संदेश पाठवी आणि मी तो ऐकून गल्लीच्या ग्रुपवर लिही : पाणी येत आहे, मोटारी लावाव्यात. या ग्रुपवर पाण्याव्यतिरिक्त कोणताही मजकूर टाकू नये, असा नियमही मीच केला होता आणि त्याचा भंग करणाऱ्यांना मी समज देत असे.

सहलीची तारीख ठरली आणि दुसऱ्याच दिवशी समोरच्या अक्का घरी आल्या. अक्का म्हणजे आमच्या गल्लीतील करारी बाई. घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. यजमान गेल्यापासून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले टॉवेलचे चार माग त्या एकट्या चालवतात. त्यांच्या मुलीचे लग्न होते. हळद घरीच होती, तेलंगणातून पाहुणे येणार होते, आणि पाण्याची पाळी हळदीच्या आदल्या दिवशी येत होती.

"अण्णा, तुम्ही चालला परदेशी. त्या दिवशी आम्ही सगळ्या बायका बांगड्या भरायला मागल्या गल्लीत, माझ्या बहिणीकडं. घरात माणूस नाही. पाणी हुकलं तर नवरीला अंघोळ कशानं घालू? एवढ्या पाहुण्यांपुढं रिकामा हौद दाखवू का?"

त्यांचा आवाज जरा हलला. माग बंद पडला तरी न हलणारी ती बाई. मी म्हणालो, "अक्का, मी जगाच्या पाठीवर कुठेही असलो तरी तुम्हाला वर्दी मिळेल. माझ्याकडे पॅक आहे."

त्या गेल्यावर आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, त्या चावीवाल्याचा नंबर अक्कांना देऊन टाका की. नाहीतर त्याला सांगा, मेसेज त्यांना टाक म्हणून."

"शब्द दिला आहे. आणि तो दुसऱ्या कुणाला मेसेज टाकायला तयार नाही, मी विचारले."

"म्हणजे चावी आपल्या कोपऱ्यावर, हौद समोरच्या दारात, आन् निरोप जाणार व्हिएतनामवरनं?"

"हो."

"बरं बाई," असे म्हणून त्यांनी कुकरचे झाकण लावले. या 'बरं बाई'विरुद्ध अपील कुठेही चालत नाही, हे मी संसारात शिकलो आहे.

विमान उतरले. माझ्या फोनवर कंपनीचा संदेश आला : आपले स्वागत आहे, आपला पॅक सुरू झाला आहे, प्रवासाचा आनंद घ्या. आणि त्या संदेशानंतर त्या पडद्यावर टॉवरची एकही काडी उमटली नाही. मी फोन बंद केला, सुरू केला, खिडकीशी नेला, डोक्यावर धरला. संपूर्ण विमानतळावर चारचौघांत हात वर करून उभा राहिलेला मी एकटाच ज्येष्ठ नागरिक होतो. स्वागत करून दार लावून घेण्याचा हा प्रकार एखाद्या यजमानाने केला असता तर त्याला लोकांनी नावे ठेवली असती. कंपनी करते तेव्हा त्याला सेवा म्हणतात.

मी फोनशी झगडत होतो तेवढ्या वेळात आमच्या सौभाग्यवती विमानतळावरच्या एका खिडकीपाशी जाऊन तिथले स्थानिक सिम घालून आल्या. खिडकीतल्या मुलीला मराठी येत नव्हते, यांना व्हिएतनामी येत नव्हते, आणि दोघी मैत्रिणी असल्यासारख्या हसत होत्या. सामान येण्यापूर्वीच माझ्या मेहुणीला सोलापुरात विमानतळाची फरशी, छत आणि माझा चेहरा व्हिडिओवर दाखवून झाला होता.

"तुम्हालापण घेऊ का एक?"

"मुळीच नाही."

"का ओ?"

मी कारण दिले. कंपनीने सेवा देण्याचे मान्य केले आहे. ती न दिल्यास करारभंग होतो. मी जर पर्यायी सिम घेतले, तर उद्या ग्राहक आयोगापुढे कंपनीचा वकील उभा राहून विचारेल की तक्रारदार तर सर्व काळ इंटरनेट वापरत होते, मग त्यांचे नुकसान ते काय झाले? त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर राहणार नाही. तक्रार पातळ होईल. तेव्हा तक्रार घट्ट राहावी यासाठी मला इंटरनेटवाचून राहणे भाग आहे.

सौभाग्यवतींनी हे सर्व ऐकून घेतले आणि मेहुणीला फोनवर सांगितले, "काही नाही गं, ह्यांचा उपास सुरू झालाय."

पुढचे दिवस मी हॉटेलच्या वायफायवर काढले. हॉटेलचे वायफाय हे निवासाच्या भाड्यातच येते, त्यामुळे त्याने तक्रारीला बाध येत नाही, असा मी निर्णय दिला. त्यावरून मी कंपनीला पहिले पत्र पाठवले. उत्तर आले, "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कृपया फोन बंद करून पुन्हा सुरू करावा." मी दुसरे पत्र पाठवले, त्यात स्पष्ट केले की माझी गैरसोय झालेली नाही, तुमच्याकडून करारभंग झाला आहे, या दोन शब्दांत महदंतर आहे, आणि फोन बंद करून सुरू करणे हा कोणत्याही कायद्यात दिलेला उपाय नाही. उत्तर आले, "आपल्या भावना आमच्यासाठी मोलाच्या आहेत." मी भावना कळवल्याच नव्हत्या! मी कलमे कळवली होती. रागाने मी नाश्त्याला भाताची जी वाटी समोर आली ती तशीच परत केली, आणि मग दुपारपर्यंत उपाशी राहिलो. त्याचाही उल्लेख पत्रात करावा की नाही यावर मी विचार केला.

आणि मग तो दिवस आला.

सकाळी हॉटेलात मी फोन पाहिला. चावीवाल्याचा संदेश नव्हता. सोलापूर आमच्या दीड तास मागे, तेव्हा तिथे अजून लोक दात घासत असतील, अशी मी मनाची समजूत घातली. नंतर आम्हाला बसने एका खाडीवर नेले आणि एका मोठ्या नावेत बसवले. नावेवर वायफाय नव्हते. मी विचारले. मला समुद्राकडे बोट दाखवण्यात आले.

ती खाडी सुंदर आहे, असे सर्व सहप्रवाशांचे म्हणणे पडले. पाण्यातून चुनखडीचे डोंगर उभे होते, हिरवे, उंच, एकामागून एक. मी कठड्याला धरून फोनकडे पाहत होतो. चावीवाल्याने आता मेसेज टाकला असेल का? अक्का बहिणीकडे जायला निघाल्या असतील का? त्यांचे पाहुणे गाडीत बसलेले असतील. अंगणातल्या हौदाचा तळ मला दिसत होता, त्यावरचा वाळलेला शेवाळाचा पट्टासुद्धा.

सौभाग्यवती शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्या व्हिडिओ काढत होत्या.

"बघा की जरा. चारी बाजूंनी पाणीच पाणी, आन् तुम्ही एका हौदासाठी तोंड पाडून बसलाय."

"हे पाणी अक्कांच्या काय कामाचे?"

"मग माझा हॉटस्पॉट घ्या. मेसेज आला का बघा."

"घेता येणार नाही. दोन पत्रांत मी लिहिले आहे की मी पूर्णतः संपर्कहीन आहे. आज मी तुझे इंटरनेट घेतले तर ते विधान असत्य ठरेल."

त्यांनी व्हिडिओ बंद केला आणि माझ्याकडे वळून पाहिले.

"तुमचं भांडण कंपनीशी हाय का अक्कांशी?"

मी फोन पुन्हा एकदा डोक्यावर धरून पाहिला.

"नाही, सांगा की. उद्या ती पोर पाटावर बसली आन् तांब्यात पाणी नसलं, तर तिच्या डोक्यावर तुमची दोन पत्रं ओतायची का?"

आयुष्यात मी अनेक युक्तिवाद ऐकले. त्यांतील बहुतेकांना त्रुटी काढून परत करता येत असे. या युक्तिवादात त्रुटी सापडेना. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "ठीक आहे. मी हे कनेक्शन माझ्या कंपनीविरुद्धच्या सर्व हक्कांना बाध न येता, निषेध नोंदवून, केवळ आजच्या निकडीपुरते स्वीकारत आहे."

"एक अट हाय."

"कसली अट?"

"आधी मान्य म्हणा, मग सांगते."

"वाचल्याशिवाय मी मान्य म्हणत नाही."

"मग राहू द्या." त्या पुन्हा डोंगरांकडे वळल्या.

त्या कठड्यापाशी, भर समुद्रात, मी हयातीत प्रथमच अट न ऐकता 'मान्य' म्हणालो. अट अशी निघाली, की त्यांनी बंदरावर घेतलेली ती शंकूच्या आकाराची गवती टोपी मी घालायची आणि फोटो काढून द्यायचा. मी घातली. हनुवटीखाली नाडी बांधण्याचा आग्रह झाला, तोही पाळला. फोटो निघाला. मग हॉटस्पॉट सुरू झाला आणि माझा फोन एखाद्या कोंडलेल्या जनावरासारखा थरथरू लागला.

चावीवाल्याचा संदेश आला होता आणि त्याला वीसेक मिनिटे होऊन गेली होती! मी तो कानाला लावला.

"साहेब, अर्ध्या तासात सोडतो बगा. आज दाब लई हाय. मोटारी लावायला सांगा. आन् तितं चपात्या मिळत्यात का?"

मी घाईघाईने ग्रुपवर लिहिले : पाणी येत आहे, मोटारी ताबडतोब लावाव्यात. पाठवले. आणि तेव्हा मला दिसले की माझ्या संदेशाच्या अगदी वर, क्षणभरापूर्वी, त्याच ग्रुपवर आमच्या सौभाग्यवतींनी तो फोटो टाकलेला होता.

गल्ली कामाला लागली, पण पाण्याच्या नव्हे.

"साहेब, ओळखलंच नाही."

"वा! तिकडं शेती घेतली का?"

"नियमाप्रमाणे टोपीचा विषय पाण्यात मोडतो का?" हा प्रश्न कोपऱ्यावरच्या घरातून आला. तिथे मी दोनदा समज दिलेली होती.

माझा संदेश हास्याच्या चित्रांखाली बुडून वर जात जात दिसेनासा झाला. काहींनी पाहिला असावा, कुणीतरी लिहिले, "मोटार लावली, टोपी झकास." पण अक्कांच्या नावापुढे संदेश वाचल्याची खूण उमटेना.

"हे काय केलेस!" मी ओरडलो.

"मला काय माहीत तुम्ही आत्ताच लिहिणार ते. फोन लावा, फोन."

मी व्हिडिओ कॉल लावला. वाजून वाजून बंद पडला. बांगड्या भरणारी कासारीण मुलीचा हात धरून बसलेली, त्या गडबडीत अक्कांना फोन कसा ऐकू येणार, हे मला कळत होते, पण कळून उपयोग नव्हता. पुन्हा लावला. या वेळी पडद्यावर नवरी मुलगी आली. एक हात कोपराकडे हिरव्या चुड्याने भरलेला, दुसरा मोकळा.

"मामा! टोपी लई गोड दिसतीय. आई, बघ मामा!"

"टोपी सोड, पोरी! पाणी सुटतंय! घरी कोण आहे?"

"कुणीच नाही."

"किल्ली?"

"आईकडं."

मागून अक्कांचा आवाज आला, "कोण आहे गं?" आणि मग त्यांना सगळा उलगडा झाला असावा, कारण त्या तेलुगूत काहीतरी ओरडल्या. शब्द कळले नाहीत. पडद्यावर एकदम छत आले, मग एक गाठोडे, मग किल्ल्यांचा जुडगा, आणि मग जमीन पळू लागली. ती मुलगी स्वतःच निघाली होती. मी त्या नावेतून, व्हिएतनामच्या खाडीतून, आमची गल्ली उलटी पाहत होतो : गटारावरची फरशी, कुणाची तरी दुचाकी, भिंतीवरची रंगवलेली निवडणूक, विजेचा खांब.

"अगं थांब!" मागून अक्का, आता मराठीत. "उद्याची नवरी तू! अर्ध्या बांगड्या घालून पळतीस काय रस्त्यानं!"

"पाणी जाईल, आई!"

"चप्पल तरी घाल!"

आमच्या नावेवरचे सहप्रवासी माझ्याभोवती जमले होते. माझ्या डोक्यावर टोपी तशीच होती, याचे मला भान नव्हते. कुणीतरी विचारले, काय झाले? सौभाग्यवतींनी सांगितले, "सोलापुरात पाणी सुटतंय." आणि आमच्या सहलीतल्या बायका, पुण्याच्या, नाशिकच्या, सगळ्या एकदम गंभीर झाल्या. त्यांच्यातल्या एकीने माझ्या खांद्यावरून वाकून "किल्ली उजवीकडं फिरव गं," असेही सांगितले.

कडी वाजली. अंगण दिसले. बटण दाबल्याचा आवाज आला आणि मोटार आधी खोकल्यासारखी कुरकुरली. एक क्षण काहीच नाही. दोन क्षण. नळातून नुसती हवा. मग मोटारीने सूर बदलला, आणि हौदात, तळाच्या सिमेंटवर, धार पडली. तो आवाज मला कुठेही ओळखता येईल.

"आलं, मामा! ऐकू येतंय का? मोठं आलंय!"

"येतंय," मी म्हणालो. "फोन तिथेच धर. जरा हौदाजवळ."

तिने फोन हौदावर वाकवून धरला. अक्का पोचल्या होत्या. धापा टाकत त्या काठावर बसल्या आणि मोकळ्या हातांनी त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "अण्णा, ती टोपी आता काढली तरी चालेल."

"हौदाची पहिली पायरी बुडाल्याशिवाय काढत नाही," मी म्हणालो. हे मी विनोदाने म्हटले नव्हते.

"अहो, माझा डेटा संपतोय," सौभाग्यवती म्हणाल्या.

"एक मिनिट."

पाणी चढत होते. मुलगी मोकळा हात पाण्याखाली धरून हसत होती. मग नाव एका डोंगरामागे वळली, चित्र थिजले, आवाज तुटला. पण तोवर पहिली पायरी बुडालेली मी स्वतः पाहिली होती आणि तसे मी शपथेवर सांगू शकतो.

त्या संध्याकाळी हॉटेलात मी कंपनीला तिसरे पत्र लिहायला घेतले. घडले ते सर्व खरे लिहायचे, हे तर ठरलेलेच होते. पत्नीच्या कनेक्शनचा मी वापर केला, निषेध नोंदवून केला, हेही लिहिले. भाषा चांगली जमली होती, संताप प्रत्येक ओळीत योग्य जागी होता. शेवटी 'झालेले नुकसान' असा मथळा घातला आणि लेखणी थांबली. अक्कांचा हौद काठोकाठ भरल्याचा फोटो ग्रुपवर आला होता. पाहुणे पोचले होते. दुसऱ्या दिवशीच्या अंघोळीची सगळी तयारी झाली होती. कंपनीच्या वकिलाने विचारावा असा तो प्रश्न, नुकसान ते काय झाले, मीच मला विचारत बसलो होतो. माझी घट्ट तक्रार पार पातळ झाली होती. मला राग यायला हवा होता. तो येण्यासाठी मी थोडा वेळ थांबूनही पाहिले.

"काय लिहू यात?" मी विचारले.

सौभाग्यवती पलंगावर पाय पसरून मेहुणीशी बोलत होत्या. त्यांनी फोनवर हात ठेवला.

"टोपी लिहा," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा बोलू लागल्या.

मी तो मथळा खोडला. पत्र मात्र पाठवले.